चंद्रीचे कान

सोमवार, ७ ऑक्टोबर १९४६
दसऱ्याचा झेंडू चंद्रीवर, म्हणजे आमच्या मोटारीवर, अजून तसाच होता, सुकून काळा झालेला. आज काढायला गेले तर चंद्रीचा उजवा दिवा मान टाकून बसलेला. हात लावला तर डुगडुगतो. डावाही तसाच, पण जरा लाज राखून आहे.
ह्यांना हाक मारली. कोर्टाला निघाले होते. बघितलं, वाकून दिवा हलवला. मग म्हणाले, "शिवाप्पाला बोलव."
शिवाप्पा शेजारी, आमच्या अंगणाची एक बाजू म्हणजे त्याच्या घराची भिंत. दर खंडेनवमीला मोटारीची पूजा झाली की नारळ फोडायचा मान त्याचा. फोडतो कुठे, तर दोन दिव्यांच्या मधल्या लोखंडी दांडीवर. एका घावात दोन शकलं झाली नाहीत तर वर्षभर चैन पडत नाही त्याला. दांडीला हादरे बसतात, वर नारळाचं पाणी, वर माझं हळदकुंकू.
"वैनी, इतकी वर्सं फोडतोय, कधी काय झालं न्हाई की!" शिवाप्पा आल्या आल्या म्हणाला.
"इतक्या वर्षांचं मिळून आज झालं," मी म्हटलं.
हे हसले नाहीत. एरवी हसले असते.

बुधवार, ९ ऑक्टो.
ह्यांनी कोर्टाला सुट्टी घेतली. चंद्रीचे दिवे उघडले. मी घासलेटची वाटी धरून बसले होते.
दिव्याच्या वाटीमागे दोन स्क्रू असतात, स्प्रिंग घातलेले. एक फिरवला की दिवा वर-खाली होतो, दुसरा फिरवला की डावीउजवीकडे. गॅरेजवाले ॲडजस्टर म्हणतात. आमच्या घरी कान म्हणतात. कुसुम लहान असताना तिनंच नाव पाडलं, "अण्णा चंद्रीचे कान पिळायलेत" म्हणून. मोटारीचं नावही तिचंच. लष्करी कॅम्पातल्या साहेबाकडून जुनी घेतली तेव्हा पोरीनं ते दोन गोल दिवे बघितले आणि चंद्री म्हणून मोकळी झाली.
तर चारी कान गेले. दोन गंजून मोडलेले, एकाचे आटे बसलेले, एक नुसता हातात आला. गंजात कुंकवाचा लाल कुठला आणि लोखंडाचा कुठला, सांगता येईना. ह्यांनी एकेक तुकडा रुमालावर मांडला. मी म्हटलं, अस्थी आहेत काय ह्या? तेव्हा कुठं जरा हसले.

रविवार, १३ ऑक्टो.
गावातली गॅरेजं पालथी घातली. ह्या जातीच्या मोटारीचे कान कुणाकडे नाहीत. लढाई संपली तरी विलायतेहून माल यायचा पत्ता नाही. एकानं सांगितलं, "वकीलसाहेब, दिवसाच चालवा की. दिवे कशाला लागतात?"
कशाला लागतात ते ह्यांनी त्याला सांगितलं नाही. मी इथं लिहिते.
दोन वर्षांमागं कुसुमला सहावा महिना होता. तिच्या सासरहून, निपाणीहून निरोप आला, पोरीचं लक्षण बरं नाही, घेऊन जा. दिवेलागणीला निघालो. तेव्हा लढाईमुळे दिव्यांच्या काचांना वरून काळा रंग फासलेला. हे मोटार हळू, आणखी हळू चालवत होते, आणि संकेश्वरच्या पुढे चिंचेखाली थांबवली. म्हणाले, "मला दिसत न्हाई गं." उजाडेपर्यंत तिथंच. निपाणीला पोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं. कुसुम भिंतीकडे तोंड करून पडली होती.
डॉक्टरीणबाईंनी पुढं स्पष्ट सांगितलं की वेळेत पोचला असता तरी फरक पडला नसता. मला पटलं. ह्यांना नाही. लढाई संपली त्या आठवड्यात काचांवरचा काळा रंग ह्यांनी स्वतः ब्लेडनं खरवडून काढला. कुणी बोललं नव्हतं तरी.
आता पोरीला पुन्हा दिवस आहेत. दिवाळी झाली की आणायची. आणायची दिवसाच, पण पुढं कळा सुरू होतील त्या रात्री झाल्या तर? आमच्या टिळकवाडीतून दवाखाना लांब नाही. पण ह्यांना दिवे हवेत. बाकी सगळं मी करायचं, डिंक, खारीक, जुनी लुगडी. ह्यांनी दिवे करायचे. असं न बोलता ठरलंय.

शुक्रवार, २५ ऑक्टो.
पाडवा. ओवाळलं. संध्याकाळी हे अंगणात. दोन्ही दिवे सुतळीनं आवळून बांधलेत. गेटापर्यंत मोटार नेली तर दिवे परत खाली. शिवाप्पा भिंतीवरनं म्हणाला, "सायेब, माझं धोतर देऊ काय बांधायला?" बिचारा अपराधी चेहरा करून हिंडतोय. त्याला मी करंज्या दिल्या.

रविवार, ३ नोव्हेंबर
निपाणीला जाऊन आलो. कुसुमला आणली. लिहायला बसले आहे पण हसू आवरत नाही.
पहाटे निघून ऊन चढायच्या आत पोचलो. ह्यांचा फिरकीचा तांब्या सोबत. नातवंडाचं तोंड बघेपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा ह्यांच्या आईचा नियम. आजकाल टिळकवाडीत कोण पाळतं? वकील पाळतात. व्याह्यांच्या ओसरीवर बसून आपल्या तांब्यातलं पाणी पितात, समोर विहीणबाईंनी केलेलं सरबत कोमट होत बसतं. मागच्या प्रसंगानंतर तर जास्तच. जणू नियम मोडून एक घोट घेतला आणि पुन्हा काही झालं, तर दोष त्या घोटालाच लागेल.
व्याह्यांची तंबाखूची वखार घराला लागून. ते ह्यांना वखार दाखवायला घेऊन गेले, मी आणि कुसुम मागनं. आणि तिथं, पोत्यांच्या मागं, चाकं काढलेली, आपल्या चंद्रीची सख्खी बहीण उभी! तोच रंगसुद्धा. मागच्या सीटवर कोंबडी बसलेली.
हे तिच्या दिव्यांपाशी गेले. वाकून मागं हात घातला. फिरवला. दिव्यानं मान वर केली. मी ह्यांचं तोंड बघत होते. लग्नात मला बघून इतका आनंद झाला नव्हता.
व्याही म्हणाले, "काढून घ्या की वकीलसाब! कोंबडीला दिवे कशाला लागत्यात?"
हात काढून घेतला ह्यांनी, चटका बसावा तसा. "न्हाई न्हाई. लेकीच्या घरचं कसं न्यायचं?"
"अहो, ते पाणी न्हवं, लोखंड हाय!"
"तेच ते."
व्याह्यांनी कपाळाला हात लावला. कुसुम म्हणाली, "अण्णा, असं काय करताय?" तर तिच्याकडे बघेनात. मी नुसती दातओठ खात उभी. सोन्यासारखे चार कान समोर, आणि हा माणूस नियम काढून बसलेला. नेहमीचं जाऊ द्या, आज पोरीसाठी तरी.
निघताना विहीणबाईंनी माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. तांदूळ जरा जास्तच जड लागले. मी वर बघितलं तर बाई इतकी गंभीर की विचारता सोय नाही. पण मागं कुसुमनं पदर तोंडात कोंबलेला.
घरी येऊन देवापुढं ओटी सुपात सोडली. खण्णकन आवाज. तांदळात चार कान. तेल लावून पुसलेले, स्प्रिंगांसकट!
हे दारात उभे. "हे काय?"
"ओटी," मी म्हटलं. "माझी. सवाष्णीची ओटी परत करतात म्हणून कुठल्या कायद्यात लिहिलंय, सांगा."
पुढं येऊन एक कान उचलून बघितला. मग म्हणाले, "ओटीतलं मोटारीला लावायचं म्हणजे..." आणि पुढचं वाक्य काही सुचलं नाही. इतकी वर्षं कोर्टात बोलतात, आज प्रथमच हरलेले बघितले. कुसुम हसून हसून भिंतीला टेकली. त्या पोरीला असं हसताना बघून किती दिवस झाले होते. मला रडूच आलं.

गुरुवार, ७ नोव्हें.
कान बसवले. सबंध दुपार गेली. कुसुम खुर्चीत बसून हुकूम सोडत होती. जुने मोडके तुकडे आतून काढताना ह्यांची बोटं सोलली. नवा स्क्रू शिरेना. काढून बघितला तर आट्यात तांदळाचा दाणा! विहीणबाईंचा आंबेमोहर. मी सुईनं काढला.
मग उजव्या दिव्याला वर-खालीचा कान आडव्या भोकात गेला. वर फिरवावं तर दिवा शेजाऱ्याच्या पेरूकडे बघतोय. सगळं पुन्हा उघडलं. ह्यांनी एक शब्द चिडून काढला नाही. नुसते गुणगुणत होते. चार वाजता चारी जागच्या जागी. स्प्रिंगा ताठ. दिवा हलवला तर हलत नाही, कान पिळला तर हलतो. ह्याला म्हणतात दिवा.

शनिवार, ९ नोव्हें.
दिवेलागणीला दिवे लावून बघायचे ठरलं. शिवाप्पानं भिंतीला ताजा चुना दिला, प्रायश्चित्त म्हणून. मी गेरूनं दोन फुल्या काढल्या, दिवे जमिनीपासून जेवढे उंच तेवढ्याच उंचीवर, किंचित खाली. मोटार भिंतीपासून मागं सपाट जागी. एका दिव्यावर पोतं टाकायचं, दुसरा लावायचा, आणि त्याचा झोत फुलीवर येईपर्यंत कान पिळायचे. मग पोतं ह्या दिव्यावर.
डावा झाला. मग उजवा. झोत फुलीवर आला, अगदी बरोबर. मी म्हटलं झालं. शिवाप्पा म्हणाला झालं. कुसुमही म्हणाली, "झालं की अण्णा."
हे मोटारीत बसलेले. आतून म्हणाले, "उजवा अजून खाली पडतोय." उतरून आले, कान पिळला. झोत फुलीच्या वर गेला. पुन्हा आत जाऊन बसले. "अजून जरा." पुन्हा उतरले.
झोत आता पार शिवाप्पाच्या खिडकीत. आत त्याची बायको भाकरी थापत होती, ती डोळ्यांवर हात धरून ओरडली.
"आता बरोबर," हे म्हणाले.
शिवाप्पानं माझ्याकडे बघितलं. मी कुसुमकडे. 

शुक्रवार, १५ नोव्हें.
रोज तेच. संध्याकाळी हे बसून बघतात, उजवा दिवा धूसर म्हणतात, खाली पडतोय म्हणतात. काच पुसतात. कान पिळतात. आत गेले की मी तुळशीला दिवा लावायच्या निमित्तानं बाहेर जाते आणि कान उलटा पिळून झोत फुलीवर आणून ठेवते.
काल जेवताना आमटीची वाटी उजवीकडे होती, ह्यांचा हात तिच्या बाजूला पडला. मी हळूच वाटी हाताखाली सरकवली.
दिवा नाही. डोळा आहे. उजवा.
कसं सांगू? दोन वर्षं ह्या माणसानं सगळा राग दिव्यांवर काढलाय. दिवे नीट झाले की सगळं नीट होईल, असं धरून चाललेत. दिवे नीट झालेत.

रविवार, २४ नोव्हें.
आज मी म्हटलं, "मला मोटार शिकवा."
"तुला? ह्या वयात?" हसले. मी हसले नाही. मग तेही हसायचे थांबले. भाजी निवडत बसलेली कुसुम मान वर न करता म्हणाली, "शिकवा की अण्णा. पोत्यावानी उभी हाय चंद्री, बॅटरी बसल की."
बराच वेळ वर्तमानपत्र धरून बसले. पान उलटलं नाही. मग म्हणाले, "सकाळी. मैदानावर. लुगडं जरा आखूड नेस."

रविवार, ८ डिसेंबर
दर सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर. पहिल्या दिवशी चंद्री माझ्या हातून उड्या मारत गेली, म्हशी पळाल्या. गुराखी म्हणाला, "बाई, ती मोटार हाय, जात्यावानी ओढू नका!" आता बरी चालते. वळवता येते. क्लच सोडताना पायाखाली काहीतरी आपोआप कळायला लागलंय, भाकरी उलटायची वेळ कळते तसं.
हे शेजारी बसून सांगतात. कधी ओरडले नाहीत. उजवीकडून येणारी सायकल मला आधी दिसते, मी हॉर्न देते तेव्हा हे वळून बघतात. बाजारपेठेतल्या बायका काय म्हणत असतील ते म्हणोत. खरं सांगायचं तर मला मजा येतेय. हे कुसुमलाही सांगितलं नाही.
कान पिळणं आणि उलटं पिळणं चालूच. स्क्रूचे आटे झिजतील अशानं.

शुक्रवार, २० डिसें.
आज पकडली गेले.
तुळशीपाशी दिवा ठेवून चंद्रीकडे गेले, मागं हात घातला, कान अर्धा फिरवला, आणि पायरीवरून आवाज आला, "आणखी जरासा. मी आज जास्त पिळलाय."
मी तशीच वाकलेली.
हे येऊन दांडीवर टेकले, शिवाप्पाच्या नारळाच्या जागी. म्हणाले, "पयल्या आठवड्यातच कळलं होतं. मी वर करून जातो, सकाळी खाली. म्हटलं बघू, किती दिवस करतीस."
"मग तुम्ही का पिळत होता?"
"तू उलटा पिळायला येशील म्हणून." जरा वेळानं, "कुणालातरी म्हाईत हाय, एवढं बरं वाटत होतं."
मग उजव्या डोळ्यावर हात ठेवून भिंतीकडे बघितलं. मग डाव्यावर ठेवून. म्हणाले, "ह्या डोळ्यानं दिवा म्हणजे नुसतं चुन्याचं पाणी." मोतीबिंदू असणार. त्यांच्या वडिलांना होता.
मग ते बोलले ज्याची मला महिनाभर भीती होती. "संकेश्वरला. तेव्हा काचांना रंग होता म्हणून मी समजलो. पण समोरनं लॉऱ्या जात होत्याच की. त्यांच्याही काचा काळ्याच. त्यांना दिसत होतं."
मी त्यांचा हात धरला. अंगणात, शिवाप्पाच्या खिडकीसमोर. इतक्या वर्षांत बाहेर कधी धरला नव्हता. म्हटलं, "दिसलं असतं तरी ते मूल राहणार नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. आणि दिसत नसताना तुम्ही थांबलात, म्हणून मी आज इथं आहे आणि तुम्ही आहात. थांबला नसता तर कुसुमला कोण राहिलं असतं?"
धोतराचा सोगा उचलला. डोळे पुसले, दोन्ही.
झोत फुलीवर आणून मी दिवा बंद केला. आज पुन्हा कुणी पिळला नाही.

रविवार, ५ जानेवारी १९४७
कुसुमला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला म्हाईत होतं." घरात सगळ्यांना सगळं माहीत, आणि सगळे आपापल्या परीनं लपवत होते!
बाळंतपण आटोपलं की ह्यांना मिरजेला न्यायचं, डोळे दाखवायला. "तू चालवणार मिरजेपर्यंत?" हे म्हणाले. म्हटलं, "घाबरता काय?" म्हणाले, "घाबरतो. पण बसतो."
काल पहिल्यांदा अंधार पडल्यावर रस्त्यावर नेली. दवाखान्यापर्यंत आणि परत. दिवे इतके सरळ पडतात की रस्त्यातला खडान्‌खडा दिसतो. विहीणबाईंना साडी पाठवायला हवी. वडगावची, चांगल्या काठाची, विणकराकडूनच घेईन.

रविवार, १२ जाने.
दुपारपासून कुसुमची पाठ दुखतेय. डॉक्टरीणबाई सायकलवरून येऊन बघून गेल्या. म्हणाल्या अजून वेळ आहे, कळा जवळजवळ यायला लागल्या की घेऊन या. बहुतेक रात्री.
पोरीला कॉफी करून दिली. घोट घेते आणि माझ्याकडे बघते. मागची आठवण दोघींनाही आहे. मी म्हटलं, "ह्या खेपेला सगळं नीट होणार." कसं माहीत, ते तिनं विचारलं नाही, बरं झालं.
शिवाप्पा चक्क नारळ घेऊन आला होता, मोटारीपुढं फोडायला. मी असा ओरडा केला की पळाला. मग तोच नारळ पायरीवर फोडला, माझ्या परवानगीनं. दोन शकलं सरळ झाली, खूश झाला.
हे दोन तासांपासून अंगणात. चंद्री गेटाकडे तोंड करून उभी केलीय, मीच केली. दिव्यांच्या काचा धोतराच्या सोग्यानं पुसून झाल्या, परत पुसून झाल्या. आता डाव्या सीटवर बसलेत, चालकाची जागा रिकामी ठेवून. मधेच उठून आत आले, तांब्या भरून मोटारीत ठेवला. म्हटलं, दवाखान्यात पाणी असतं.
"कुसुमसाठी," म्हणाले. मग दारात थांबले. "आन देवानं सगळं नीट केलं तर निपाणीला जाताना हा तांब्या न्यायचा न्हाई. विहीणबाईंच्या हातचं सरबत घ्यायचंय."
असं म्हणून मोटारीची किल्ली ह्या वहीवर, लिहीत होते त्याच ओळीवर ठेवून गेले. किल्ली बाजूला सरकवून एवढं लिहिलं.
बाहेर अंधार पडलाय. कुसुम हाक मारते आहे. उठते.